खाट नंबर नऊवरचे आबा

मी घर सोडलं त्या दिवशी आबांनी मला जंक्शन नावाच्या फाट्यावर आणून सोडलं आणि एसटी यायच्या आधीच ते निघून गेले. मोटरसायकलच्या टाकीवर माझी बॅग, मागं मी, माझ्या मांडीवर दोरीनं बांधलेली गादी आणि गादीवर लाल प्लास्टिकची बादली, असा आमचा थाट. कळंबपासून वालचंदनगरपर्यंत कुणी ना कुणी हात करत होतं आणि आबा प्रत्येकाला ओरडून सांगत होते, "पोरगी नर्सिंगला चाल्लीय, बारामतीला!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. नर्सिंगचं एक वेळ चाललं असतं, पण ती बादली कुठं लपवू?

फाट्यावर त्यांनी गादी लिंबाखाली ठेवली आणि म्हणाले, "पाण्याची पाळी हाय. आज सोडली तर परत कवा मिळंल सांगता येत न्हाय. जाऊ का?" जाऊ का, असं मलाच विचारलं. मी मान हलवली. दहा पावलं गेले, परत आले. "तितं आपल्या गावचं कुणी न्हाय. कुणी वरडलं तर उलटून बोलू नगं. तुजं त्वांड लई चालतं." एवढं बोलून गाडीला किक मारली आणि गेले. एसटी अर्ध्या तासानं आली. कंडक्टर म्हणाला, गादी टपावर टाक. वर काल कुणीतरी मासळीच्या पाट्या नेलेल्या, वास येत होता. मी अशी भांडले की गादी आत आली, माझ्या शेजारच्या सीटवर बसून बारामतीपर्यंत गेली. आबांचा उपदेश अर्धा तास टिकला.

तुमच्यातले जे दुबईला गेले, कॅनडाला गेले, ते हे वाचून हसतील. कळंब ते बारामती, तासाभराची वाट, त्याला काय घर सोडणं म्हणायचं? गावातले पण हेच म्हणतात. सुरुवातीला कुणी विचारायचं, "करमतंय का गं तितं?" मी खरं सांगायचे, नाही करमत. की लगेच, "मग ये की सांजच्या गाडीनं! तुला काय पासपोर्ट लागतोय व्हय?" सगळे हसायचे. मी पण हसायचे. लांब गेलेल्यांना निदान घरची आठवण काढायची मुभा असते, लोक हळहळतात, फोनवर आई रडते. जवळ गेलेल्याच्या वाट्याला तेवढंही येत नाही. खोटं वाटत असेल तर माझ्यासारखं जवळ जाऊन बघा.

आणि सांजच्या गाडीनं यायचं म्हणजे कसं? तीन वर्षं हॉस्टेल, त्यानंतर बारामतीच्याच एका दवाखान्यात नोकरी. आता बारामतीला लागूनच जळोचीत राहते, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत. खिडकीतून उसाचा एक तुकडा दिसतो, बाकी सगळे प्लॉट पडलेत. त्या तुकड्याला पाणी सोडलं की ओल्या मातीचा वास वरपर्यंत येतो आणि मी उगाच खिडकी लावून घेते. सकाळची ड्युटी, दुपारची ड्युटी, रात्रीची ड्युटी, आणि आठवड्यातून एक सुट्टी, ती पण कुणाचं लग्न निघालं की बदलून द्यायची. बिल्डिंगमधल्या बायकांना वाटतं ही बाई कधी पण येते, कधी पण जाते. त्या चांगल्या आहेत, संक्रांतीला वाण देतात, पण दारातच. गावच्या जत्रेला मी सलग चार वर्षं दुसऱ्या दिवशी पोचले. पालखी झालेली, पाळणे उतरवायला घेतलेले, मैदानात चहाचे कागदी कप पडलेले. आई म्हणायची, "काल यायची हुतीस, लई मजा आली." ते मला पण माहीत होतं.

फोन मात्र रोज येतात. गावातल्या निम्म्या लोकांकडं माझा नंबर आहे. "सुलभा, शुगर एकशे ऐंशी हाय, मग गोळी एक घ्यायची का दोन?" "सुले, हिच्या पायाला सूज हाय, फोटू टाकलाय बघ." बघते, सांगते, डॉक्टरकडं धाडते. माझं काय चाललंय, मी जेवले का, हे गेल्या वर्षभरात आईखेरीज कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांचं चुकतं असं नाही. दवाखान्यातलं माणूस बरंच असणार, असं सगळे धरून चालतात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. नर्सच्या कामाबद्दल लोकांचा एक समज आहे की डॉक्टर ठरवतात आणि आम्ही करतो. सुई टोच म्हटलं की टोच, बाटली लाव म्हटलं की लाव. माझ्याही आईला अजून तेच वाटतं. पण डॉक्टर दिवसातून दोनदा येतात, पेशंटसमोर पाच मिनिटं उभे राहतात. उरलेला दिवस पेशंट आमच्या नजरेखाली असतो. काय बदललं, कधी बदललं, हे वाट बघण्यासारखं आहे की आत्ता फोन करण्यासारखं, हे नर्सनं ठरवायचं असतं. लवकर फोन केला तर डॉक्टर ओरडतात. उशिरा केला तर ओरडण्यापलीकडं गेलेलं असतं. आमच्या इनचार्ज सिस्टर मूळच्या सोलापूरच्या, बोलायला तिखट. नवीन मुलगी आली की तिला पहिल्या दिवशी सांगतात, "आधी बघायचं, मग ठरवायचं, मग करायचं, आणि सगळ्यात शेवटी लिहायचं. हा क्रम जिनं मोडला तिला मी वॉर्डात ठेवणार नाही." मी चार वर्षं तो मोडला नव्हता.

आबांना हर्निया होता आणि त्यांनी तो दोन वर्षं लपवला होता. टोमॅटोचे कॅरेट उचलून उचलून झालेला. जांघेत गाठ यायची, झोपलं की आत जायची. हे आईनं मला फोनवर सांगितलं, ते सुद्धा आडून आडून. "ते चालताना हात दाबून धरत्यात गं. इचारलं तर म्हनत्यात कासोटा काचतोय." मी घरी जाऊन भांडले, रुसले, शेवटी तात्यांना मध्ये घातलं. तात्या म्हणजे आबांचे थोरले भाऊ, त्यांच्या शब्दापुढं आबा जात नाहीत. असं करून ऑपरेशन ठरलं, ते पण वांग्याचा तोडा संपल्यावर. आमच्याच दवाखान्यात, माझ्याच वॉर्डात, खाट नंबर नऊ.

इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "दुपारी तुझी ड्युटी आहे, पण नऊ नंबर दुसऱ्या कुणाला देते. आपल्या माणसाचं आपण बघू नये, डोकं चालत नाही." मी ऐकलं नाही. माझे आबा आहेत आणि मी इथं असताना दुसरं कुणी बघणार? एवढी वर्षं घराबाहेर काढली, जत्रा बुडवल्या, लग्नं बुडवली, ती कशासाठी? त्यांनी मला गणवेशात काम करताना बघावं असं मला फार वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मिरवायचं होतं मला.

ऑपरेशन दुपारच्या आत झालं. पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखालचं अंग बधिर केलेलं, आबा जागेच होते. मी दोनला ड्युटीवर आले तर खाटेभोवती आई, तात्या आणि भावकीतली चार माणसं. भेटायची वेळ चारनंतरची, पण वॉचमनला "आपली पोरगीच हाय वर" असं सांगून सगळे घुसलेले. तात्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाला माझी ओळख करून देत होते. आबा मात्र माझ्याकडं धड बघत नव्हते. अंगावर दवाखान्याचा हिरवा गाऊन, वर चादर, आणि चादरीची कड दोन्ही हातांनी छातीपाशी घट्ट धरलेली. धोतर-सदऱ्याशिवाय मी आबांना कधी बघितलंच नव्हतं. त्यांना किती लाज वाटत असेल हे मला तेव्हाच कळलं आणि मी लगेच नजर बीपीच्या मशीनकडं वळवली.

सव्वादोनला नाडी चौऱ्याऐंशी, बीपी एकशे तीस. पावणेतीनला नाडी ब्याण्णव. सव्वातीनला एकशे चार, आणि आता ड्रेसिंग बघायचं होतं. जांघेतल्या ऑपरेशनचं ड्रेसिंग म्हणजे चादर बाजूला करायची, वरून बघायचं, खाली हात घालून कंबरेमागं ओल आहे का ते चाचपायचं. मी दिवसातून दहा माणसांचं करते, त्यात काही वाटत नाही. चादरीला हात लावला तर आबांनी ती ओढून घेतली. "तू न्हाय बघायचं, सुले. त्यो ब्रदर हाय न्हवं, त्यो बघंल." वॉर्डातला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, एका पेशंटला घेऊन खाली स्कॅनला गेला होता. मी म्हटलं, "आबा, ओलं लागतंय का?" "न्हाय. कोरडं ठणठणीत हाय." मागून तात्या म्हणाले, "राहू दे गं, लेकीनं बापाचं असलं बघायचं नसतंय." मी चादर सोडली. आणि चार्टवर सव्वातीनच्या नाडीपुढं, आबांनी सांगितलं म्हणून लिहिलं, ड्रेसिंग कोरडं.

कंबरेखाली बधिर असलेल्या माणसाला ओलं-कोरडं कळत नसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण मार्क घेतले असते. आबा स्वतः वांग्याचं पान उलटून बघितल्याशिवाय कधी फवारणी करत नाहीत, दुकानदार काही सांगू दे. आणि मी, त्यांची शिकलेली पोरगी, न बघता सही ठोकून मोकळी झाले. त्या क्षणी मी नर्स नव्हतेच. कळंबची सुली होते, चार माणसांत बापाची अब्रू राखणारी.

पुढच्या वीस मिनिटांत आबा खूप बोलले. एरवी न बोलणारा माणूस. वांग्याला यंदा शेंडे अळी किती पडली, मोटरीचा स्टार्टर कसा जळला, सगळं तात्यांना सांगत होते. मधेच म्हणाले, "पंखा वाढव." वाढवला. दोन मिनिटांनी, "गारठा सुटलाय, पंखा बारीक कर." मग पाणी मागितलं. वरच्या ओठावर घाम आलेला. आई म्हणाली, "बोलाय लागलं म्हंजी बरं वाटतंय त्यांला." मला पण पहिल्यांदा तसंच वाटलं, किंवा तसं वाटून घ्यायचं होतं. मग मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. मशीन नको, म्हटलं हातानंच बघू. नाडी धावत होती आणि बोटाखाली बारीक लागत होती. एकशे अठरा.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला सुट्टीत घरी आले की मी सगळ्यांच्या नाड्या मोजत बसायचे. आईची ऐंशी, तात्यांची शहात्तर, आबांची पासष्टच्या वर कधीच नाही. शेतात राबणारं अंग, रिकाम्या वेळी तर साठवर यायची. म्हणजे सव्वादोनची चौऱ्याऐंशीसुद्धा आबांची नव्हती. कागदावर प्रत्येक आकडा एकेकटा बघितला तर एवढं घाबरण्यासारखं दिसत नव्हतं. ओळीनं वाचला तर माझा बाप माझ्यासमोर रिकामा होत चालला होता आणि पंख्याबद्दल बोलत होता. बीपी अजून एकशे बारा होतं. बीपी सगळ्यात शेवटी पडतं, आणि ते पडायची वाट बघणारी नर्स नर्स नसते.

मी पडदा ओढला. म्हटलं, "आबा, चादर सोडा." त्यांनी मान हलवली. "ब्रदर येऊ दे." "आबा, ब्रदरची वाट बघायला वेळ न्हाय." "सुले, बाजूला हो म्हनतो ना!" ते ओरडले. आयुष्यात मी आबांचा हात कधी झिडकारला नव्हता. त्यांची बोटं चादरीवरून एकेक करून सोडवली. ती गार होती. त्यांनी जोर लावला, पण जोर राहिला नव्हता, आणि मला खरी भीती त्याची वाटली.

ड्रेसिंग वरून कोरडंच होतं. बाजूनं रक्त खाली उतरलं होतं, कंबरेखालची चादर आणि रबरशीट भरली होती, आणि जांघेत दोन मुठींएवढा टणक फुगवटा आलेला. आत कुठली तरी शीर सुटली होती. मी दोन्ही तळवे त्यावर ठेवले आणि सगळं वजन टाकून दाबलं, आणि इनचार्जना हाक मारली. ती हाक मारली तशी मी परत कधी मारलेली नाही. त्या धावत आल्या, एक नजर टाकली, दुसरी बाटली लावली, ऑक्सिजन लावला, सर्जनना फोन लावून माझ्या कानाला धरला. सर ओपीडीत होते. "बीपी किती?" "एकशे दहा." "ठीक आहे, दोन पेशंट संपवून येतो." मी म्हटलं, "सर, यांची रोजची नाडी पासष्ट असते. आत्ता एकशे चोवीस आहे. जांघेत फुगतंय, खालून रक्त येतंय. मी हात काढू शकत नाही. तुम्ही आत्ता या." "रोजची तुला कशी माहीत?" "माझे वडील आहेत ते." फोन बंद झाला आणि सर चार मिनिटांत वर होते.

तरी थिएटर तयार होईपर्यंत वीस मिनिटं गेली. वीस मिनिटं मी तशीच दाबून उभी होते. तात्यांनी मधेच पडदा सरकवून आत बघितलं, बघितलं आणि मागं सरले, पण तेवढ्यात बाकीच्यांनीही बघितलं. आई म्हणाली, "समदी भायेर व्हा, माज्या लेकीला काम करू द्या." तिचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. आबांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. डोळे मिटलेले, पाणी कानामागं उतरत होतं. मी म्हणत होते, "आबा, बोला माझ्याशी, झोपायचं न्हाय, बोला." ते एक शब्द बोलले नाहीत. शुद्धीवर होते, हाताला हात लावला की बोटं हलवत होते.

थिएटरमध्ये शीर बांधली, साठलेलं रक्त काढलं, दोन पिशव्या रक्त चढलं. आबा वाचले.

संध्याकाळी इनचार्ज सिस्टरांनी चार्ट समोर धरला. "सव्वातीनला ड्रेसिंग कोरडं. बघितलं होतंस?" बघितलं होतं म्हणाले असते तर कुणाला कळलं असतं? तेवढ्या वेळातही एवढं रक्त जाऊ शकतं. मी म्हटलं, "नाही. आबांनी सांगितलं, मी लिहिलं." त्यांनी पेन पुढं केलं. मग मी त्या दोन शब्दांवर एक सरळ रेघ मारली, खाली लिहिलं, 'ड्रेसिंग तपासले नव्हते', वेळ टाकली, सही केली. नियम तसाच आहे, खोडायचं नसतं, चूक वाचता आली पाहिजे. मला मेमो मिळाला. देताना म्हणाल्या, "वडिलांना वाचवलंस म्हणून शाबास. आणि हा कागद न बघता लिहिलंस म्हणून. दोन्ही तुझंच आहे." मेमो अजून माझ्या कपाटात आहे, कपड्यांच्या खाली.

पुढचे सहा दिवस आबा वॉर्डात होते. मी खाटेजवळ गेले की डोळे मिटून घ्यायचे. ड्रेसिंग ब्रदर करायचा. ब्रदरशी हसून बोलायचे, त्याला घरची वांगी पाठवतो म्हणाले. मी गोळी दिली की हात पुढं करायचे, गोळी घ्यायचे, पाणी प्यायचे, ग्लास परत द्यायचे. सगळं मुकाट. आई म्हणाली, "लाज वाटतीया गं त्यांला. हुईल कमी." मी म्हटलं, "मी काय चूक केली का आई?" ती म्हणाली, "चूक न्हाय केलीस. पर त्यांनी बी न्हाय केली."

जळोचीतल्या खोलीत त्या आठवड्यात मी एक दिवससुद्धा नीट स्वयंपाक केला नाही. ज्या घराच्या आठवणीनं इतकी वर्षं जीव कासावीस व्हायचा ते घर दवाखान्यात, माझ्यापासून दहा मिनिटांवर, येऊन राहिलं होतं. आई खाटेखाली चटई टाकून झोपत होती. आणि मला तिथं जायला नको वाटत होतं. एवढं एकटं मला हॉस्टेलच्या पहिल्या आठवड्यातही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान वाटायचं, परत गेलं की सगळं जागेवर असेल.

वर तात्यांनी आणखी घोळ घातला. चांगल्या मनानं घातला, पण घातला. गावात गेल्यापासून रोज पारावर सांगायचे, आमच्या सुलीनं बापाला कसं वाचवलं, कशी चादर काढली, कुठं हात दाबून धरला, डॉक्टरला फोनवर कशी बोलली. समोरचा म्हणायचा, काय पोरगी हाय! आणि तात्या परत पहिल्यापासून सुरू करायचे, आबा तिथंच बसलेले असले तरी. घरी सोडल्यावर तिसऱ्या दिवसापासून आबांनी पारावर जाणं सोडलं. हे पण मला आईनंच सांगितलं. गावातून फोन यायला लागले, "शाबास गं पोरी." मी सगळ्यांना धन्यवाद म्हणाले. आबांचा फोन आला नाही. मी केला तर आई उचलायची आणि म्हणायची, रानात गेलेत. रानात जायला डॉक्टरांनी बंदी केलेली होती, आणि हे सांगताना मागं त्यांच्या खोकल्याचा आवाज यायचा.

नवीन मुली येतात तेव्हा मी त्यांना हे सांगते, आबांचं नाव न घेता. म्हणते, गावचा माणूस आला, काका-मामा आला, तर आणखी जास्त बघा, तो लपवणार आहे. कोरडं हाय म्हणाला तर हात घालून बघा. विचारून नाडी कळत नाही आणि लाजून रक्त थांबत नाही. त्या वहीत लिहून घेतात. एकीनं विचारलं, "पण मॅडम, नंतर घरी गेल्यावर?" मी म्हटलं, "ते पुस्तकात नाही."

महिन्यानं सुट्टी मिळाली तेव्हा कळंबला गेले. जत्रा नाही, सण नाही, मधलाच मंगळवार. अंगणात चपला काढल्या तर आबा ओसरीवर बाजेवर बसलेले. वाळलेत, पण रंग परत आलाय. मला बघितलं आणि लगबगीनं उठले. मला वाटलं, आत निघून जातायत. आत गेले, आणि लोखंडी खुर्ची उचलून बाहेर आले.

ती खुर्ची आमच्याकडं सोयऱ्यांसाठी असते, तलाठी आला, बँकेतला माणूस आला तर असते. घरातली पोरं तिच्यावर बसत नाहीत. मी जन्मापासून त्या ओसरीवर, बाजेच्या पायथ्याशी, जमिनीवर बसत आलेय. आबांनी खुर्ची मांडली आणि खांद्यावरच्या टॉवेलनं पुसायला लागले. आधी बैठक पुसली, मग पाठ, मग हात. माझ्या तोंडातून गेलं, "आबा, एवढ्यात वजन उचलायचं न्हाय." पूर्वीचे आबा असते तर अंगावर आले असते, मला शिकवू नगं म्हणाले असते, आणि मुद्दाम खुर्ची परत उचलून दाखवली असती. आबा थबकले. टॉवेल हातात धरून, खाली बघत म्हणाले, "चुकलं. न्हाय उचलणार परत."

मला वाटलं, इथंच बसकण मारावी आणि रडावं. म्हणावं, आबा, ओरडा की माझ्यावर. एवढा ऐकणारा माणूस वॉर्डात असतो, घरात नसतो. इतकी वर्षं मी घर घर करत होते ते म्हणजे मला वाटायचं भाकरीचा वास, अंगण, विहीर. ते सगळं होतं तिथं. मला रागावू शकणारा माणूस तेवढा नव्हता, आणि त्याला मीच माझ्या दोन हातांनी वाचवून आणलं होतं. परत तसा दिवस आला तर मी परत चादर काढीन. यात मला तिळमात्र शंका नाही, आणि रडू त्याचंच येत होतं.

आबा उभेच होते. खुर्ची आणि बाज यांच्या मध्ये, एका हातानं खांबाला धरून. त्यांच्या कपाळावर बारीक घाम आलेला मला दिसला. एवढा वेळ उभं राहायला त्यांना अजून नको होतं. आणि मी बसल्याशिवाय ते बसणार नव्हते, हेही दिसत होतं. मला जमिनीवर बसायचं होतं.

मी खुर्चीवर बसले. मग ते बसले.